टाकीची बाजू

२०१२ सालच्या एका मंगळवारी दुपारी, खराडीतल्या ऑफिसच्या आठव्या मजल्यावर, कँटीनच्या काचेजवळच्या टेबलाशी, डब्यातली दुसरी पोळी मोडता मोडता हेमराज कापगतेनं मोबाइलवर ते वाक्य वाचलं : ‘टाकी चुकीच्या बाजूला आहे.’ पोळीचा तुकडा त्यानं भाजीला लावला, तोंडात घातला, चावला, आणि बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण तो गिळलेलाच नाही. त्यानं बनवलेल्या सावरटोला स्टेशनच्या व्हिडिओखाली चार महिन्यांत चाळीसेक अभिप्राय आले होते, बहुतेक परदेशातल्या निवृत्त हौशी माणसांचे. सुंदर, अप्रतिम, इंजिनाचा आवाज कुठून मिळवलात, असले. हा पहिलाच देवनागरीतला. त्याच्याखाली आणखी दोन ओळी होत्या : ‘सावरटोल्याची पाण्याची टाकी मालधक्क्याकडे होती, प्लॅटफॉर्मकडे नाही. आम्ही तिच्याखाली खेळायचो.’ आणि नाव, आम्रपाली मेश्राम. समोर बसलेला कुणीतरी विचारत होता की गुरुवारचं रिलीज पुढं ढकललं का. हेमराज ‘हो’ म्हणाला, मग ‘नाही’ म्हणाला. मेश्राम हे नाव त्यानं किती वर्षांत वाचलं नव्हतं, पण ऐकलं मात्र शेकडो वेळा होतं, वडिलांच्या तोंडून, नेहमी एकाच गोष्टीत, एकाच स्वरात.

ती गोष्ट नसती तर कदाचित ते स्टेशन त्यानं बनवलंच नसतं. आई गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, तो हिंमतरावांना गोंदियाहून पुण्याला घेऊन आला. चंदननगरच्या फ्लॅटमध्ये सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत म्हातारा दिवसभर खुर्ची टाकून बसायचा आणि खालच्या नगर रस्त्यावरच्या गाड्या बघायचा. विचारलं तर ‘बरं आहे’, वाढलं तर ‘पुरे’. तेव्हा हेमराज नुकताच त्या रेल्वेच्या प्रोग्रामच्या नादी लागला होता. पडद्यावर रिकामी हिरवी जमीन मिळते, तिच्यावर रूळ टाकायचे, टेकड्या उचलायच्या, झाडं लावायची, फलाट, सिग्नल, घरं; मग वेळापत्रक करून गाड्या सोडायच्या आणि आपणच त्या चालवायच्या. ऑफिसात तो दिवसभर अमेरिकेतल्या विम्याच्या अर्जांचे पडदे तपासायचा, कुठली खिडकी उघडत नाही, कुठलं बटण दोनदा दाबलं जातं. घरी आल्यावर निदान काहीतरी धावताना दिसे. एका रविवारी सकाळी हिंमतराव पाण्याचा तांब्या भरायला आत आले, त्याच्या पाठीशी थांबले, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलले : ‘‘हा सांधा असा नसते गा.’’ सांधा म्हणजे एका रुळातून दुसरा रूळ जिथं फुटतो ती जागा. हिंमतरावांनी छोट्या गाडीच्या लाइनवर तीस वर्षं तेच काम केलं होतं, लोखंडी दांडा ओढून गाडी कुठल्या रुळावर जाईल ते ठरवायचं. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली, बसले, आणि हेमराजच्या खांद्यावरून बोट दाखवत सांगू लागले.

तेव्हापासून अडीच वर्षं दर रविवारी ते दोघं सावरटोला बांधत होते. खरं सावरटोला आता नव्हतं. मोठी लाइन आली तेव्हा जुनं स्टेशन, क्वार्टर्स, मालधक्का, सगळं सपाट झालं. इंटरनेटवर एकही फोटो सापडेना. एकच नकाशा होता आणि तो वडिलांच्या डोक्यात. प्लॅटफॉर्मची लांबी ते पावलांत सांगायचे. कडुलिंब किती, चिंच कुठं, घंटेऐवजी टांगलेला रुळाचा तुकडा कुठल्या खांबाला. कौलांचा रंग तीन वेळा बदलायला लावला. ‘‘लाल नोहे. धूर खाल्लेला लाल.’’ हेमराज तसा रंग मिसळत बसायचा आणि त्याला वाटायचं, लहानपणी हा माणूस आपल्याशी इतकं कधी बोलला नव्हता. तिथं राहत होते तेव्हा निळ्या शर्टातला, घामाचा आणि काळ्या तेलाचा वास घेऊन येणारा, जेवून भिंतीकडे तोंड करून झोपणारा एक माणूस, एवढंच त्याला वडिलांविषयी माहीत होतं. आता त्यांचं बोट पडद्यावर टेकलं की तिथं ठसा उमटायचा आणि जयाला तो पुसावा लागू नये म्हणून तो स्वतःच संध्याकाळी पडदा पुसायचा. जया, त्याची बायको, कसबा पेठेतल्या माहेराचं बोलणं घेऊन आलेली, रविवारी चहाचे दोन कप टेबलावर आपटून ठेवायची. ‘‘घ्या. रेल्वेबोर्डाची बैठक संपली की कळवा, गादी उन्हात टाकायची आहे.’’ पण तिलाही ते आवडत होतं. म्हातारा जेवायला लागला होता.

टाकी कुठं ठेवायची हे हिंमतरावांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. कौलांच्या रंगाला तीन रविवार लागले, टाकीला एक मिनिट. ‘‘इथं. सांधा आणि प्लॅटफॉर्मच्या मधात.’’ हेमराजनं विचारलंही नाही, कारण गोष्टीतही टाकी तिथंच होती. १९८४ चा एप्रिल, दुपारचे चार. इंजिन मालाचे सहा डबे मागं ढकलत होतं, ते मालधक्क्याच्या रुळावर जायचे होते. पद्धत अशी होती की हिंमतराव सांध्यावर दांडा ओढून, टाकीच्या आडून बाहेर येऊन हात वर करणार. तो हात बघून प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा असलेला सुखदेव मेश्राम ड्रायव्हरला हिरवी झेंडी दाखवणार. दांडा ओढला गेला नव्हता. डबे लूपच्या, म्हणजे गाड्या उभ्या करून ठेवायच्या बाजूच्या रुळावर गेले, आणि तिथं उभ्या असलेल्या दोन डब्यांच्या मधे साखळी सोडवत असलेला गोपाळकृष्ण नावाचा आंध्राकडचा खलाशी, रेल्वेतला मदतनीस कामगार, चिरडला गेला. ‘‘मी हात वर केलाच नोहता,’’ हिंमतराव सांगायचे. ‘‘मेश्राम प्यायला होता. हात न पाहताच झेंडी दाखवली त्यानं. मधात टाकी, मले तो दिसेना, गोपाळकृष्ण दिसेना. दिसला असता तर वरडलो नसतो काय?’’ आई मान हलवायची. शाळेत असताना, वडिलांची बदली झाल्यावर, कॉलेजात, लग्नात, कुणी नातेवाईक जमले की ही गोष्ट निघायचीच, आणि शेवट ठरलेला होता : चौकशी झाली, मेश्रामची नोकरी गेली, आणि हिंमतराव म्हणायचे, ‘‘जाऊ द्या, त्याचंबी पोट होतं.’’ हे शेवटचं वाक्य ऐकताना हेमराजला नेहमी वाटायचं, बाप मोठ्या मनाचा आहे.

मेश्रामांचं क्वार्टर भिंतीला भिंत लावून होतं. ते सोडून गेले ती सकाळ त्याला आठवत होती, तो नऊ वर्षांचा होता. बैलगाडीत सामान, आणि मागून चालणारी, त्याच्यापेक्षा थोडी मोठी, दोन वेण्यांची मुलगी, डोक्यावर परात, परातीत पिठाचा डबा. ती त्याच्याकडे बघत होती. तो दारात उभा राहून ऊस खात होता आणि तिला बघूनही तो आत गेला नाही, ऊसही टाकला नाही. तीच ही आम्रपाली असणार. जेवणाचा डबा बंद करून तो आपल्या जागेवर आला आणि तिला लिहिलं : ‘फोटो आहे का?’ फक्त तेवढंच, नमस्कार नाही, ओळख नाही. तासाभरानं फोटो आला, खाली तिचा फोन नंबर. काळापांढरा, कोपरा उडालेला. गणवेशातला उंच माणूस, शेजारी फ्रॉकमधली मुलगी, दोघांच्या मागं टाकीचे चार लोखंडी पाय आणि त्या पायांच्या मागं, अगदी जवळ, मालधक्क्याचं उतरतं पत्र्याचं छप्पर. फोटो उलटा छापलेला असेल म्हणून त्यानं तो मोठा करून बघितला. माणसाच्या खिशावरचा बिल्ला डावीकडेच होता, आणि त्यावरची अक्षरं सुलटी.

पोट बिघडल्याचं सांगून तो तीनलाच निघाला. बायपासच्या चौकात सिग्नलला उभा असताना त्याला हसू आलं : माणसाचं वय सदतीस, हाताखाली अकरा जण, आणि एक पत्र्याची टाकी तीस फूट सरकवायला अर्ध्या दिवसाची रजा. घरी कुणी नव्हतं. जया शाळेत शिकवायला गेली होती, हिंमतराव सोसायटीच्या बागेत त्यांच्या वयाच्या माणसांबरोबर बसले असणार. त्यानं संगणक लावला, टाकी उचलली, रुळांवरून पलीकडे नेली, मालधक्क्याला लावून ठेवली. मग सांध्याच्या दांड्याजवळ जाऊन उभा राहिला. त्या प्रोग्राममध्ये तसं उभं राहता येतं, माणसाच्या उंचीवरून चालत हिंडता येतं. उंची त्यानं पाच फूट चार इंच ठेवली, वडिलांची. मान वळवली. प्लॅटफॉर्मचं टोक हात लावावा इतकं समोर होतं. लूपचा रूळही संपूर्ण दिसत होता, शेवटच्या स्लीपरपर्यंत, मधे काहीही नव्हतं, दुपारचं ऊन तेवढं होतं.

त्याला धंद्याची सवय होती. चूक सापडली की लगेच विश्वास ठेवायचा नाही. ती परत परत घडवून बघायची, आणि घडू नये अशी प्रत्येक परिस्थिती लावून बघायची. त्यानं एप्रिलच्या चारचा सूर्य लावला. तो पाठीमागं आला, डोळ्यांवर नाही. मधल्या रुळावर डब्यांची रांग उभी केली. पण तिथून तर इंजिनच येत होतं, तिथं रांग असूच शकत नव्हती. कडुलिंब मोठा केला. धूळ उडवली. वाफेचा धूर प्लॅटफॉर्मवर पसरवला, मग त्याच्याच लक्षात आलं की धूर चालत्या इंजिनामागं जातो. त्यानं वडिलांना चार फुटांचं केलं, बसवलं, अगदी दगडावर बसवून मान खाली घालायला लावली. प्रत्येक वेळी तो मनात म्हणत होता, आता बाबूजी सुटतील, आता. तेविसाव्या प्रयत्नानंतर त्यानं मोजणं सोडलं. पंखा फिरत होता, खाली कुणीतरी गाडी मागं घेत होतं आणि तिचं ते किरकिरं गाणं थांबत नव्हतं. टाकी मधे नव्हती तर मेश्रामला हात दिसत होता. हात दिसत होता तर न पाहता झेंडी कशाला दाखवेल? आणि यापेक्षाही खालचा, तळाचा विचार, ज्याच्याकडे तो अजून बघत नव्हता : अडीच वर्षं, दर रविवारी, इतक्या प्रेमानं सांगताना, हा माणूस ती टाकी तिथं ठेवत आला. माझ्यापुढं कुठली चौकशी होती?

हिंमतराव साडेपाचला आले. चपला काढल्या, पाय धुतले, आणि पडदा चालू दिसला तेव्हा खूश होऊन, रविवार नसतानाही खुर्ची ओढून बसले. हेमराजनं पडद्यावर दृश्य तसंच ठेवलं होतं, सांध्याजवळून, पाच फूट चार इंचांवरून.

‘‘टाकी कोणं हालवली?’’

‘‘मी. मेश्रामांच्या मुलीनं फोटो पाठवला.’’

हेमराजला वाटलं, आता ते चिडतील, उठून जातील, फोटो खोटा म्हणतील. त्यानं त्या प्रत्येकाची उत्तरं तयार ठेवली होती आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. हिंमतराव पडद्याकडे बघत होते. डोळे बारीक करून, पुढं वाकून, जसं ते कौलांचा रंग बघायचे.

‘‘लूपवर दोन डबे ठेव,’’ ते म्हणाले.

त्यानं ठेवले.

‘‘आता मधात माणूस ठेव.’’

हेमराजनं स्टेशनवर माणसं कधीच ठेवली नव्हती. प्रोग्राममधली माणसं परकी होती, हॅटवाली, सूटकेस घेतलेली. शोधता शोधता नारिंगी जाकिटातला एक कामगार सापडला. तो त्यानं दोन डब्यांच्या मधे उभा केला. कामगाराचं तोंड त्यांच्याकडे आलं.

‘‘पाठ फिरव त्याची,’’ हिंमतराव म्हणाले. ‘‘तिकडं पाहत होता तो.’’

हेमराजचा हात माउसवरच राहिला. त्यानं कामगार फिरवला नाही. वडिलांनी त्याच्याकडे न बघता, कुणी विचारलेलं नसताना सांगायला सुरुवात केली, आणि हा स्वर गोष्टीतला नव्हता, यात कुठंही थांबायच्या जागा ठरलेल्या नव्हत्या. दांडा तापायचा. एप्रिलात हात लावायची सोय नसायची. म्हणून आधी हात वर करून द्यायचा आणि डबे सांध्यापर्यंत येईस्तोवर दुपट्टा गुंडाळून दांडा ओढायचा. सगळेच करायचे, वर्षानुवर्षं करायचे. त्या दिवशी हात वर केला. मेश्रामनं झेंडी दाखवली. दांडा ओढला तर हालेना, सांध्यात गिट्टीचा दगड बसला होता. डबे समोरून गेले.

‘‘ओरडला नाहीत?’’

‘‘आवाजच निंगाला नाही गा.’’ त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला. ‘‘दिसून राह्यला होता. आंगी घामानं चिपकलेली. आवाजच नाही निंगाला.’’

‘‘आणि मेश्राम? ते प्यायले होते?’’

‘‘तो पीतच नोहता. छप्पनच्या दीक्षेपासून त्याच्या बापानं घरात दारू येऊ देली नाही.’’

‘‘मग तुम्ही साहेबांना सांगितलंत ते?’’

‘‘मी नाही सांगतलं.’’ हिंमतराव पहिल्यांदा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आग्रह होता, की निदान एवढं तरी खरं माना. ‘‘साहेबानंच इचारलं. कापगते, तो मेश्राम, प्यायला होता काय? मी गप्प राह्यलो. नुसता गप्प राह्यलो. त्यानं लिहून घेतलं. मंग वाचून दाखवलं तं त्याच्यात होतं सगळं. हात वर नाही केला, दारू, सगळं. मी सही केली. माझी चूक एवढीच का मी बोललो नाही.’’ मग : ‘‘मेश्राम होता म्हणून इचारलं. पाटील असता तं इचारलं नसतं. मले माहीत होतं ते.’’

‘‘मग टाकी कशाला?’’

हिंमतराव पुन्हा पडद्याकडे वळले. ‘‘तुझ्या मायले सांगाले काही तरी पाह्यजे होतं. मंग ते तसंच दिसाले लागलं. खरंच तिथं दिसते मले.’’

पुढचे चार दिवस हेमराजनं संगणक लावला नाही. ऑफिसात तो काम करत होता, आणि मधेच त्याला स्वतःच्या वस्तूंकडे बघितल्यावर विचित्र वाटायचं. गळ्यातलं ओळखपत्र, काचेतून दिसणारी नदी, हाताशी थंड पाणी. ‘जाऊ द्या, त्याचंबी पोट होतं’ हे वाक्य आता आठवलं की तो जागेवरून उठून जिना उतरायला लागायचा. वडील मुळीच बदलले नव्हते. तसेच दूध प्यायचे, तसेच पेपर घडी घालून ठेवायचे. फक्त त्याच्याशी बोलायला लागायचे आणि वाक्य अर्ध्यावर सोडायचे. त्याला त्यांचा राग हवा होता आणि तो येत नव्हता; त्यांच्या जागी तो स्वतःला बघत होता, साहेबापुढं गप्प राहिलेला, गप्प राहणं किती सोपं असतं ते माहीत असलेला. दोन वर्षांपूर्वी टीममधल्या एका मुलीवर चुकीचा ठपका आला होता तेव्हा मीटिंगमध्ये तो वहीत चौकोन काढत बसला होता. ती गेली. तिचं नावही त्याला आता पटकन आठवेना.

जयाला त्यानं शुक्रवारी सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिनं सगळं ऐकलं, जुडी बाजूला ठेवली.

‘‘आता काय, चौऱ्याहत्तराव्या वर्षी चौकशी लावणार आहेस त्यांची?’’

‘‘तसं नाही.’’

‘‘मग कसं? त्याच नोकरीवर तू इंजिनिअर झालास, हे लक्षात आहे ना? प्रायश्चित्त घेणार असशील तर राजीनाम्यापासून सुरुवात कर.’’ बोलून झाल्यावर तिला ते फार झाल्यासारखं वाटलं. ती पुन्हा भाजीकडे वळली आणि बारीक आवाजात म्हणाली, ‘‘ती बाई काय म्हणते?’’

त्यानं तिला फोनच केला नव्हता. शनिवारी सकाळी केला. आम्रपाली एका सरकारी ऑफिसात अधिकारी होती, विश्रांतवाडीत राहत होती, बोलणं पुणेरी झालेलं. त्यानं नाव सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘व्हिडिओवर आडनाव वाचलं तेव्हाच कळलं मला. बोला.’’ त्यानं सांगितलं. दांडा, हात, दगड, साहेबाचा प्रश्न. पाठ केल्यासारखं एकामागून एक. शेवटी ‘‘मला माफ करा’’ असं काहीतरी तो म्हणायला लागला तेव्हा तिनं थांबवलं.

‘‘तुम्ही काय केलंत? ऊस खात होतात.’’ तिच्या आवाजात हसू नव्हतं. ‘‘बाबा प्यायले नव्हते हे मला माहीत होतंच. सकाळी त्यांनीच माझी वेणी घातली होती, आईला ताप होता. पण बारा वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतं? नोकरी गेल्यावर मग ते खरंच प्यायला लागले. नव्व्याण्णव साली गेले.’’ ‘‘माझ्या आईला आजही वाटतं, त्यांनीच त्या माणसाला मारलं. मी सांगितलं तर म्हणते, लेक बापाची बाजू घेणारच. तुम्ही या. कापगत्यांच्या घरातून कुणीतरी येऊन सांगायला पाहिजे. तुमच्या वडिलांनी आलेलं उत्तम.’’

रविवारी सकाळी हिंमतरावांनी आपणहून इस्त्रीचा शर्ट घातला. हेमराजनं त्यांना फक्त एकदा विचारलं होतं आणि ते ‘बरं’ म्हणाले होते. दोघं लिफ्टनं खाली आले. पार्किंगमध्ये त्यानं मोटरसायकल बाहेर काढली, चालू केली, आणि वळून बघितलं तर वडील कट्ट्यावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली.

‘‘तू जा,’’ ते म्हणाले. ‘‘मी इथं बसतो.’’

‘‘बाबूजी, पंधरा मिनिटांचा रस्ता आहे.’’

‘‘मेश्रामची शालन म्हणत होती मले, भाऊजी, तुमी तं होते नं तिथं, तुमी सांगा. क्वार्टर सोडाच्या दिवशी. पदर पसरून म्हणत होती.’’ त्यांनी डोकं हलवलं. ‘‘तू जा.’’

त्यानं इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि तो गेला. रस्ताभर त्याला वाटत होतं की वडिलांना ओढून बसवायला हवं होतं, आणि त्याचवेळी, ते आले नाहीत याचा सुटकेसारखा एक ओंगळ आनंदही त्याला होत होता. विश्रांतवाडीतलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, स्वच्छ, पुस्तकांनी भरलेलं. आम्रपालीनं दार उघडलं. दोन वेण्यांतलं काहीच तिच्यात राहिलं नव्हतं. शालनबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, अंगानं बारीक, चष्मा जाड. त्यांनी त्याला जवळ बसवलं आणि दुर्गाबाई, त्याची आई, कधी गेली ते विचारलं. ताप आला का दुर्गाबाई मले पेज पाठवायची, म्हणाल्या. मग त्यानं सांगितलं. यावेळी ते पाठ केल्यासारखं येईना. वाक्यं तुटत होती, दगड आधी आला की हात, तो दोनदा चुकला. ‘‘ते प्यायले नव्हते,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘त्यांनी बरोबर हात बघूनच झेंडी दाखवली होती. चूक माझ्या वडिलांची होती. वडिलांनी स्वतः सांगितलंय मला.’’

आम्रपाली आईकडे बघत होती. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो आला, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर सुरू होत होतं.

शालनबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला नाही.

‘‘मी रोज इचारायची त्याईले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खरं सांगा म्हणायची, पेले होते नं? ते नाही म्हणायचे. पंधरा वर्षं नाही म्हणाले. मारलं मले, तरी नाही म्हणाले. अन् मी सोडायची नाही, रोज इचारायची. लेकराबाळाचा माणूस मेला, तुमी कबूल तं करा.’’ त्यांचा आवाज अगदी साधा होता. ‘‘दवाखान्यात, शेवटल्या दिवशी, मी आखरी बार इचारलं. तं हो म्हणाले.’’

‘‘आई,’’ आम्रपाली म्हणाली. ‘‘हे तू मला कधी…’’

‘‘हो म्हणाले. पेलो होतो, म्हणाले. मंग मी त्याईले माफ केलं. डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, आता झोपा. पायटेपर्यंत हात फिरवत होती मी.’’

आम्रपाली पलंगाच्या कडेला बसली होती ती उठली, आणि उठून कुठं जायचं ते न सुचल्यासारखी तिथंच उभी राहिली. हेमराजनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. शालनबाई हातातल्या चष्म्याची काडी उघडत होत्या, मिटत होत्या. मग त्यांनी त्याच्या दिशेला मान वळवली.

‘‘हिंमतराव जेवते काय बरोबर?’’

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘जेवतात.’’

‘‘जेवू द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याईले काही इचारू नका आता.’’